स्टार्टरची कॉइल सात वर्षं थंड होती, मग पंधरा दिवसांत दोन जळाल्या. असं का?

मलप्रभाकाठ

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. मलप्रभेच्या काठाला अडीच एकर रान आहे. भात निघालंय, आता ऊस आणि थोडी मिरची उभी आहे. नदीवर पाच एचपीची थ्री फेज मोटार आहे. आमचे हे पुण्याला कामाला, त्यामुळं मोटारीचं सगळं मीच बघते.

संक्रांतीनंतर पाणी सुरू केलं आणि चार दिवसांत स्टार्टरमधली, म्हणजे मोटार चालू-बंद करायच्या पेटीतली, कॉइल जळाली. नवी घातली, ती तेरा दिवसांत गेली. मेकॅनिक म्हणाले, "हल्ली मालच असा येतोय, तिसरी घाला." पहिली मात्र सात वर्षं टिकली होती.

तिसरी आणली आहे, पण बसवली नाही, कारण माझ्या लेकीनं अडवलंय. ती दहावीला आहे. तिनं नवी कॉइल मीटरवर मोजली, 600 ओहम आले. कॉइलवर 415 व्होल्ट छापलंय. तिनं वहीत मांडलं: 415 भागिले 600 म्हणजे 0.69 अँपिअर, त्याला 415 नं गुणलं तर 287 वॅट. आमची इस्त्री 750 वॅटची. ती म्हणते, "आई, इस्त्रीच्या एक तृतीयांशाहून जास्त उष्णता या मुठीएवढ्या रिळात होणार असेल तर पहिली कॉइल पहिल्याच दिवशी जळायला हवी होती. ती सात वर्षं टिकली कशी, ते आधी विचार."

मला तिचं म्हणणं पटलं. जळाली का हे सगळे सांगतात, टिकली कशी हे कुणी सांगत नाही. आणि मुळात नुसत्या तारेच्या रिळात चुंबक येतंय कुठून, तेही कुणीतरी समजेल असं सांगा. रानाला पाणी द्यायचंय, पण दोन दिवस थांबेन.

निपाणी_ऊसवाला

ताई, व्होल्टेज बघा आधी. आमच्याकडं हंगामात एका टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात, 415 च्या जागी 300-320 मिळतं. माझ्या दोन कॉइली अशाच गेल्या. संध्याकाळी चालू करू नका, पहाटे करा.

वाइंडिंगवाला_खानापूर रोड

अक्का, मी बेळगावात मोटार वाइंडिंग करतोय, 1989 पासून. तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून दुकान बंद करायचं सोडून लिहायला बसलोय. माझ्याकडं शिकायला आलेल्या किती पोरांनी हा भागाकार केलाय म्हणाल, तर एकानंही नाही.

तिचा हिशेब बरोबर हाय. हीच कॉइल 415 व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटवर, लावली तर 0.69 अँपिअरच जाईल आणि पाच मिनिटांत धूर निघेल. मी तो धूर बघितलाय. शिकाऊ होतो तेव्हा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ब्रेकच्या पॅनलमध्ये 110 व्होल्टची एसीची, म्हणजे आपल्या लाइनीसारख्या पुढंमागं होणाऱ्या करंटची, कॉइल 110 डीसीवर जोडली. आकडा जुळला म्हणजे झालं, असं मला वाटलेलं. वार्निशचा तो वास अजून नाकात हाय. आमच्या उस्तादांनी एक शब्द बोलला नाही, जळकी कॉइल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही उलगड, वेढे मोज आणि मग सांग करंट कशानं थांबत होता." उत्तर सापडायला मला दोन वर्षं लागली.

आता चुंबकाचं सांगतो. तारेतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतंय, कड्यांसारखं, तार मधोमध. एका तारेचं ते इतकं कमी असतंय की जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई तेवढी हलते. तीच तार गुंडाळून हजारो वेढे केले की सगळ्या कड्या रिळाच्या आतनं एकाच दिशेनं जातात, एकमेकीत भर पडते. त्यात लोखंड घातलं की खरी ताकद येते. लोखंडात आधीपासूनच बारीक बारीक चुंबकं असतात, पण बाजारातल्या माणसांसारखी, ज्याचं त्याचं तोंड वेगळ्या बाजूला. पालखी आली की कशी सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळतात, तसं कॉइलमधला करंट त्यांना वळवतोय. करंट गेला की मऊ लोखंडात ती परत विखुरतात. म्हणून करंट गेला की तुमचा स्टार्टर सुटतो आणि परत आला तरी आपोआप लागत नाही. या कॉइलला आम्ही नो-व्होल्ट कॉइल म्हणतो ते यासाठीच.

आता मुद्द्याचं. आपल्या लाइनीतला करंट सेकंदाला पन्नास वेळा पुढंमागं होतोय. म्हणजे कॉइलच्या पोटातलं चुंबकत्वही सारखं वाढतंय, कमी होतंय, उलटं होतंय. आणि बदलतं चुंबकत्व जिथून जातंय तिथं भोवतीच्या तारेत व्होल्टेज उठतंय, हा निसर्गाचा नियम हाय. ही भोवतीची तार कुणाची? त्याच कॉइलची! म्हणजे कॉइल आपल्याच चुंबकानं आपल्यातच व्होल्टेज तयार करते, आणि ते लाइनीच्या व्होल्टेजला समोरून ढकलतंय. 415 इकडून, जवळजवळ तेवढंच तिकडून. उरतंय ते थोडकं, आणि तेवढ्यावरच करंट चालतो.

मी टेबलावर तुमच्यासारखीच कॉइल लावून मोजलंय. कॉइलमधल्या लोखंडाचे दोन भाग असतात, करंट आला की ते एकमेकांना चिकटतात, त्याला मी जबडा म्हणतो. तो घट्ट मिटलेला असताना 0.03 अँपिअर. लेकीला सांगा, 0.03 चा वर्ग गुणिले 600 कर. अर्धा वॅट येतंय. म्हणून तुमची कॉइल सात वर्षं थंड राहिली. लोखंड स्वतः थोडं तापतंय, ते वेगळं, त्यानं काय होत नाही.

मग त्याच जबड्यात मी लाकडाची चिपळी घालून तो उघडा ठेवला. करंट 0.2 वर गेला. परत वर्ग करा, 600 नं गुणा: 24 वॅट. तार तीच, व्होल्टेज तेच, आणि तापणं चाळीसपटीच्या वर. बदललं काय, तर लोखंडाच्या दोन तोंडांच्या मधली हवा. लोखंडातून चुंबकत्व सहज पळतंय, हवेतून त्याला हजारपटीनं जड जातंय. फट राहिली की कॉइलला तेवढंच चुंबकत्व तयार करायला जास्त करंट ओढावा लागतोय, कारण ते झाल्याशिवाय समोरचं ढकलणारं व्होल्टेज उभंच राहत नाही. स्टार्टर लागताना हा जास्त करंट टकदिशी येतो आणि जबडा मिटला की लगेच उतरतो. मिटलाच नाही, तर तो उतरत नाही आणि कॉइल जळते.

निपाणीवाल्या दादांचं म्हणणं यातच बसतंय. चुंबकाची ओढ व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. 415 चं 300 झालं तर ओढ निम्म्यावर येते, जबडा अर्ध्यात थरथरत राहतो. तेव्हा व्होल्टेज बघाच.

पण अक्का, तुम्ही लिहिलंय की पाणी सुरू केल्यावर चार दिवसांत गेली. म्हणजे पावसाळाभर स्टार्टर बंद होता. मला वेगळा संशय हाय. पेटीचं दार नीट बसतंय का? आमच्याकडं अशा जळक्या कॉइली घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारतो, पेटीत काय होतं. मुंग्या, पाल, आणि सगळ्यात जास्त कुंभारमाशी. ती ओली माती आणून फटीत घर बांधते. आपल्या खानापूरच्या मातीची कौलं आणि मडकी उगीच नावाजलेली नाहीत, वाळली की दगड होते. दोन मिलिमीटर माती तोंडावर असली तरी पुरे.

तिसरी कॉइल घालायच्या आधी एवढं करा. मेन फ्यूज तिन्ही काढा, खिशात ठेवा, टेस्टरनं तिन्ही फेज बघा. मग जबडा सोडवून दोन्ही लोखंडांची तोंडं बघा. ती आरशासारखी चकाकत असायला पाहिजेत. कानस लावू नका, नुसतं कोरड्या फडक्यानं पुसा, तेल-ग्रीस अजिबात नको. आणि तोंडात बसवलेली एक छोटी तांब्याची कडी दिसेल, तिला हलवू नका, फक्त तडा गेलाय का बघा. तिचं काम नंतर सांगतो, आता जेवायला बोलावलंय.

टिळकवाडी_मास्तर

मुलीचं मनापासून कौतुक. तिच्या पुस्तकातले शब्द देतो, म्हणजे तिला वर्गातल्याशी जोडता येईल. तारेच्या करंटमुळं सुई हलते हे 1820 साली कोपनहेगनला ओर्स्टेड यांनी दाखवलं. विल्यम स्टर्जन यांनी 1825 च्या सुमारास लोखंडाची नाल वार्निश करून तिच्यावर उघडी तांब्याची तार वेढे सुटे ठेवून गुंडाळली, तो पहिला विद्युतचुंबक. वेढे एकमेकांना लागू नयेत म्हणून अमेरिकेत जोसेफ हेन्री तारेलाच रेशमाचं आवरण द्यायला लागले, त्यामुळं थरावर थर गुंडाळता आले. 1831 पर्यंत त्यांचा चुंबक नऊशे किलोहून जास्त वजन उचलत होता. आजच्या इनॅमलच्या तारेचं ते रेशीम म्हणजे पूर्वज.

त्याच वर्षी, 29 ऑगस्टला, लंडनमध्ये फॅराडे यांनी लोखंडाच्या कड्यावर दोन अलग कॉइली गुंडाळल्या. एकीला बॅटरी लावली. दुसरीतली सुई हलली, पण फक्त जोडताना आणि तोडताना. मध्ये करंट स्थिर वाहत असताना काही नाही. माझ्या वर्गात मुलं इथेच अडायची, आणि मला वाटतं सगळा विषय या एका ठिकाणी आहे. चुंबकत्व नुसतं असून चालत नाही, ते बदलावं लागतं. याला विद्युत चुंबकीय प्रवर्तन म्हणतात, आणि कॉइल स्वतःलाच अडवते ते स्वयंप्रवर्तन. उठलेलं व्होल्टेज नेहमी बदलाला विरोध करतं, हा लेंझ यांचा 1834 चा नियम.

त्या कड्यानंतर 71 वर्षांनी, 1902 साली, आपल्याच राज्यात शिवनसमुद्रच्या पाण्यावर तयार झालेली वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचली. तिथलं जनित्र आणि तुमचा स्टार्टर एकाच नियमावर चालतात.

फर्नेस_मच्छे

वाइंडिंगवाले मामा लोखंड तापणं वेगळं म्हणून पुढं गेले, पण आमचं पोट त्याच तापण्यावर आहे. मी मच्छेच्या एका फौंड्रीत इंडक्शन फर्नेसवर आहे.

वहिनी, तुमच्या कॉइलमधलं लोखंड सलग नसून पातळ पट्ट्या रिबिट मारून जोडलेलं असतं. बदलत्या चुंबकत्वानं तारेत जसं व्होल्टेज उठतं तसं लोखंडाच्या अंगातही उठतं, आणि सलग तुकडा असला तर त्यात करंट भोवऱ्यासारखा फिरतो आणि लोखंड भाजतं. पट्ट्या करून मधे पातळ आवरण ठेवलं की भोवऱ्याला जागा मिळत नाही.

आम्ही उलटं करतो. भोवरा जेवढा मोठा तेवढा बरा. तांब्याच्या पोकळ नळीची कॉइल, आतून पाणी फिरतंय, आणि मधे भट्टीत भंगार. करंट सेकंदाला पाचशे-हजार वेळा पुढंमागं होतो. कॉइल भंगाराला कुठंच शिवत नाही, जाळ नाही, कोळसा नाही, आणि बिडाचा रस 1450-1500 अंशांवर तयार. कॉइलमधल्या पाण्याला हात लावला तर कोमट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शिफ्ट संपली तरी घरी गेलो नाही. रस मधोमध उंच फुगतो आणि आपोआप ढवळला जातो, तेही चुंबकाच्या जोरानंच.

क्रेनच्या मोठ्या चुंबकानं आम्ही भंगार उचलतो. पण लाल झालेला तुकडा तो उचलत नाही. 770 अंशांच्या वर लोखंडाचं चुंबकपण जातं. मामांच्या भाषेत, एवढ्या उन्हात पालखी आली तरी कुणी वळून बघत नाही.

मलप्रभाकाठ

सगळ्यांना नमस्कार. काल सकाळी फ्यूज काढून पेटी उघडली. दाराची कडी गेल्या पावसात तुटली होती, मी तारेनं बांधून ठेवलेलं, खाली बोटभर फट होती. जबडा सोडवला तर मधल्या पायाच्या तोंडावर तांबड्या मातीचं घर, करंगळीच्या पेराएवढं, निम्मं चेपून बसलेलं. सळईसारखं कडक. दोन कॉइली आणि वीस दिवस त्या एका माशीच्या घरात गेले. मालाला नावं ठेवत होते मी.

फडक्यानं पुसलं, तिसरी कॉइल घातली, पहाटे पाचला मोटार लावली. तासाभरानं फ्यूज काढून कॉइलला हात लावला, नुसती कोमट. उसाला पाणी पोचलं.

पण स्टार्टर आता घर्र घर्र करतोय, आधी असा आवाज नव्हता. आणि मामा, तुम्ही सांगितलेली तांब्याची कडी एका बाजूला तडकलेली दिसते. ती कशाला जोडलेलीच नाही, तिला तार नाही, काही नाही. ती तिथं का आहे, हे लेक मला कालपासून विचारत्ये.

वाइंडिंगवाला_खानापूर रोड

अक्का, माती सापडली हे लई बरं झालं. कडी त्या वीस दिवसांतच तडकली असणार, जबडा अर्धवट आपटत राहिला की ती आधी जाते.

तिचं काम ऐका. करंट पुढंमागं होताना सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातोय. त्या क्षणाला चुंबकाची ओढ शून्य. स्प्रिंग लगेच जबडा उघडायला बघते, तेवढ्यात ओढ परत येते. शंभर वेळा सुटणं, शंभर वेळा आपटणं, हीच तुमची घरघर. यावर तोडगा म्हणून तोंडाच्या थोड्या भागाला तांब्याच्या कडीनं वेढा घालतात. बदलतं चुंबकत्व कडीतून जातंय, कडीत करंट उठतोय, आणि तो करंट आपलं स्वतःचं चुंबकत्व थोडं उशिरा तयार करतो. तोंडाच्या मोठ्या भागाची ओढ शून्यावर आली की कडीच्या भागाची ओढ अजून शिल्लक असते. ती धरून ठेवते, तोवर मोठी परत येते. मास्तरांनी सांगितलेल्या फॅराडेच्या कड्यावरची दुसरी कॉइल म्हणजे हीच, फक्त एका वेढ्याची. तिला तार लागत नाही, कारण तिचा करंट तिच्यातच तयार होऊन तिच्यातच फिरतो. तडा गेला की फिरायची वाट तुटली.

तुमच्या मोटारीचा रोटरही तसाच. त्याला एकही तार जात नाही, ॲल्युमिनियमच्या दांड्या आणि दोन बाजूला कड्या. बाहेरच्या वाइंडिंगचं चुंबकत्व फिरतंय, दांड्यांत करंट उठतोय आणि रोटर त्याच्यामागं ओढला जातो. पण कधीच गाठत नाही. चार पोलच्या मोटारीत चुंबकत्व मिनिटाला 1500 फेरे मारतंय, रोटर 1440 च्या आसपास. गाठलं तर त्याच्या दृष्टीनं काही बदलणारच नाही, करंट उठणार नाही, जोर संपेल. आणि एक फेज गेली तर उभ्या मोटारीत फिरणारं चुंबकत्वच तयार होत नाही, ती नुसती गुणगुणते आणि पाच-सहा पट करंट ओढते. माझ्याकडं आलेली जळकी मोटार उघडली की मला लगेच कळतंय: कॉइली एकमेकींना जोडायच्या दोन तऱ्हा, स्टार आणि डेल्टा; स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि तिसरी कोरी, डेल्टात एकच काळी. तुमची गुणगुणली तर दोन सेकंदांच्या आत बंद करा आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारं यंत्र) बसवून घ्या, हे मी पोटतिडकीनं सांगतोय.

कडी सुटी बसवून टिकत नाही. पूर्ण लोखंडी जोडी नवी मिळते, जुनी घेऊन बेळगावला या, मापाची बघून देतो. दाराला आधी कडी करा.

मलप्रभाकाठ

मंगळवारी येते मामा. लेकीलाही आणते, तिला रोटर उघडा बघायचाय.

तिनं काल घरी एक केलंय. जुन्या टीव्हीच्या अँटेनाची ॲल्युमिनियमची नळी उभी धरून वरून हार्डवेअरच्या दुकानातलं बटणाएवढं चुंबक सोडलं. खडा टाकला तर टकदिशी खाली, चुंबक मात्र रेंगाळत रेंगाळत येतंय. बाहेरून त्या नळीला चुंबक चिकटतही नाही. ती म्हणते, ही पण कडीच आहे का?

वाइंडिंगवाला_खानापूर रोड

हो. एकावर एक रचलेल्या हजार कड्या. चुंबक ज्या कडीतून जातंय तिच्यात करंट उठतोय आणि तो त्याला अडवतोय.

मंगळवारी ती नळी घेऊन या. दुकानात हॅक्सॉनं ती वरपासून खालपर्यंत उभी चिरू, म्हणजे सगळ्या कड्यांना तडा. आणि मग तेच चुंबक परत सोडू. काय होईल ते लेकीनं आधीच वहीत लिहून आणायचं.